बुजगावणं गैरहजर

सलग पाच दिवस बुजगावण्याची हजेरी लागली नाही, तेव्हा सहाव्या दिवशी सकाळीच मनुबाईनं फडताळावरची पिशवी खाली काढली आणि तिच्यात एक साडी, बीपीच्या गोळ्या आणि मोबाईलचा चार्जर भरला. त्रेसष्ट वर्षांची बाई, सुभेदारांची विधवा, रहिमतपूरजवळच्या खेड्यात मुलासुनेबरोबर राहणारी. आजवर ती एकटी गेली असेल ती फार तर दवाखान्यात नाहीतर माहेरी. आज ती एका परक्या पुरुषाला शोधायला निघाली होती, आणि त्याचं नाव काय, गाव कुठलं, तो दिसतो कसा, यातलं तिला काहीएक ठाऊक नव्हतं.

भुवया वर गेल्या ना? तिच्या मुलाच्याही गेल्या. म्हणून आधी सगळं नीट सांगायला हवं.

सांगलीला हळदीच्या पेठेमागं वर्धमानअण्णांचा कॉम्प्युटर क्लास होता. पंधराएक वर्षांपूर्वी अण्णांनी रिकामपणात इंटरनेटवर मराठी गप्पांची एक जागा बांधली आणि तिला नाव दिलं 'शिळोपा'. तिथं फोटो टाकता येत नाहीत, कुणाला अंगठे मिळत नाहीत, जाहिरात दिसत नाही. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, एका विषयाखाली दुसरा विषय. आजच्या पोरांना दाखवलं तर म्हणतील, ही साईट बंद पडलीय. पण दीडेकशे माणसं तिथं रोज येतात. एक जण कृष्णेची पाणीपातळी लिहितो, तीही भर उन्हाळ्यात, नदीत गुडघाभर पाणी असताना. कुणी सकाळी काय शिजवलं ते सांगतं. पावट्याच्या आमटीत गूळ घालावा की नाही यावर तिथं एकदा सतरा दिवस भांडण चाललं होतं.

शिळोप्याचे नियम तीनच. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही आणि कुणी कुणाच्या घरापर्यंत जायचं नाही. पहिला नियम अण्णांनी फार विचार करून केला होता. आपल्याकडं आडनाव कळलं की माणूस कळला असं धरून चालतात आणि मग तो काय बोलतो ते कुणी ऐकतच नाही. म्हणून इथं सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली. एका पैलवानाचं नाव 'लंगोट'. मनुबाईचं नाव 'पापुद्रा', म्हणजे भाकरीचा, फुगल्यावर वर येतो तो. आणि डोंगरातल्या कुठल्याशा गावातून लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्याचं नाव 'बुजगावणं'.

हजेरीचा रिवाज मात्र नंतर आला. तीन वर्षांपूर्वी 'सांडगा' नावाची एक बाई लिहायची थांबली. रुसली असेल, नातवंडांत रमली असेल, असं म्हणत सगळे गप्प राहिले. दोन महिन्यांनी तिच्या मुलीनं तिच्या खात्यावरून चार ओळी लिहिल्या, तेव्हा कळलं की बाई केव्हाच गेली. मनुबाई त्या दिवशी पीठ मळता मळता रडली, आणि घरात कुणी विचारलं तर काय सांगायचं हेच तिला सुचेना. 'माझी मैत्रीण गेली' म्हणावं, तर नाव काय होतं तिचं? दुसऱ्या दिवसापासून शिळोप्यावर हजेरी सुरू झाली. दुपारी बाराच्या आत प्रत्येकानं एक शब्द तरी लिहायचाच. कुणी 'हाय' लिहितं, कुणी 'अजून आहे' लिहितं. लंगोट रोज नुसता शड्डू ठोकतो. बुजगावणं लिहायचं, 'कावळे हाकतोय.'

आणि आता पाच दिवस कावळे हाकायला कुणी नव्हतं.

बुजगावण्याशी मनुबाईचं अकरा वर्षांचं भांडण होतं. म्हशीच्या दुधावरून, पावसाच्या अंदाजावरून, मुलांना मारावं की नाही यावरून. त्याचं लिहिणं इतकं टापटीप, इतकं शुद्ध की तो रिटायर झालेला गुरुजी असणार यावर शिळोप्याचं एकमत होतं. सुभेदार गेल्यावर घरातले तिला विचारत, गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का. काळजीनंच विचारत, त्यात खोट नव्हती. पण बुजगावणं विचारायचं, 'पापुद्रा, तुला काय वाटतं?' हा प्रश्न तिला बावन्न वर्षांची होईपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. पहिल्यांदा तो वाचला तेव्हा काय उत्तर द्यावं हे तिला दोन दिवस कळलं नव्हतं. आता तो विचारणारा जिवंत आहे की नाही हे न कळता ती भाकरी थापत बसणार नव्हती.

पासवर्ड विसरला तर फोन करा म्हणून अण्णांचा नंबर शिळोप्यावर लिहिलेला होता. तिनं तो लावला.

"अण्णा, पापुद्रा बोलते. पाच दिस झालं. मी जाऊन बघते."

"अवं, कुठं जाऊन बघताय? नाव न्हाई, पत्ता न्हाई."

"त्यो मेढ्याकडचा हाय."

अण्णा दचकले. "तुमाला कसं कळलं?"

"चार सालामागं त्यानं लिवलं हुतं, मेढ्याच्या बाजारात चप्पल तुटली म्हनून. तुमी धा मिन्टात खोडलं. मी त्या धा मिन्टात वाचलं हुतं."

"पापुद्राबाई, नियम मी उगीच न्हाई केला," अण्णा म्हणाले. "आज तुमी चांगल्या मनानं जाल. उद्या कोन कुनाच्या दारात काय करायला जाईल, सांगता येत न्हाई."

"मग सांडग्याच्या टायमाला तुमच्या नियमानं काय केलं, अण्णा?"

अण्णा नुसते खाकरले.

"मला काढून टाकायचं तर टाका शिळोप्यावरनं," मनुबाई म्हणाली. "पर मी निगाले." आणि तिनं फोन ठेवला. अण्णांना उलटून बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण परत फोन लावून माफी मागण्याइतकं काही वाटलं नाही.

पिशवी घेऊन ती सोप्यात आली तर मुलगा ऋषिराज दुकानाला निघालेला. त्याचं खतांचं दुकान, चार लोकांत ऊठबस, आणि चार लोकांत ऊठबस असलेल्या माणसाला जी भीती असते ती पुरेपूर.

"आई, कुठं निघालीस?"

"मेढ्याला."

"मेढ्याला कोन हाय आपलं?"

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. शिळोपा, हजेरी, पाच दिवस, सगळं. ऋषिराज ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे कोन लागतो तो आपला?"

"काय बी लागत न्हाई."

"मग?"

"मग काय? लागत न्हाई म्हनून मरू द्यायचा?"

"आई, जरा इचार कर. लोकं काय म्हनत्याल? सुभेदाराची बायको या वयात मोबाईलवरच्या गड्यामागं..." पुढचं त्याच्या तोंडातून निघेना. आत सून राजनंदिनी पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

"वाक्य पुरं कर की," मनुबाई म्हणाली. "अर्धं बोलून कुनाला भ्या घालतूस?"

त्यानं गाडीची किल्ली खिशात घातली. "मी स्टँडवर सोडनार न्हाई."

"तुला कोन म्हनलं सोड? एसटीला बायकांना अर्धं तिकीट हाय." असं म्हणून ती पायऱ्या उतरली. राजनंदिनी मागच्या दारानं पळत आली आणि पिशवीत पोळीभाजीचा डबा कोंबून काही न बोलता परत गेली. सासू-सुनेचं यापेक्षा जास्त प्रेमाचं बोलणं गेल्या महिन्यात झालं नव्हतं.

रहिमतपूरला एसटी मिळाली, साताऱ्याला बदलली. खिडकीशी बसून मनुबाईनं जुन्या दिनदर्शिकेचं पान काढलं. त्याच्या पाठीवर तिनं रात्रीच, अकरा वर्षांतलं आठवेल ते लिहून काढलं होतं. बुजगावण्याच्या गावात एसटी त्याच्याच अंगणात वळते, आणि वळताना रोज कुंपणाचा एक बांबू मोडते. गावातल्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे. घरातून धरणाचं पाणी दिसतं. दाराशी फणस आहे, जो कधी गोड निघत नाही. एवढ्याशा खुणांवर पोलीससुद्धा माणूस शोधत नाहीत, हे तिला कळत होतं.

मेढ्याच्या स्टँडवर ती थेट कंट्रोलरच्या खिडकीशी गेली आणि चौकशीत पहिलीच चूक करून बसली. "एसटी अंगनात वळती असल्या गावातलं रिटायर गुरुजी कोन?" तिनं विचारलं. अंगणात एसटी वळणारी गावं तिकडं डझनभर, पण गुरुजी म्हटल्यावर कंट्रोलरनं एकच नाव घेतलं, हंबीरराव गुरुजींचं. जीपमध्ये कोंबून घेऊन ती तिथं पोचली, तर गुरुजी चष्मा पुसत बाहेर आले, सगळं ऐकलं आणि रागानं लाल झाले.

"बाई, मी पस्तीस वर्षं मुख्याध्यापक होतो. मी असल्या ठिकाणी टोपणनावानं लिहीन?"

मनुबाईला तिथल्या तिथं रडू कोसळणार होतं. दुपारचे दोन वाजले होते, डबा तसाच होता, आणि अकरा वर्षं जो चेहरा तिनं मनात धरला होता तो समोर उभा राहून तिला हाकलत होता. तरी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बरं, रुळाच्या तुकड्याची घंटा कुठल्या शाळंत हाय, एवढं तरी सांगा."

गुरुजी गडबडले. शाळेचा प्रश्न आला की त्यांना उत्तर द्यावंच लागे. "रुळाची घंटा? ती वरच्या वाडीला. मीच लावलीय ती, तिथं बदलीवर होतो तेव्हा. पण तिथं कोणी गुरुजी राहत नाहीत. गुरं राखणारी माणसं सगळी." मग थोडं वरमून म्हणाले, "साडेतीनची एसटी आहे. पाणी पिऊन जा."

वरच्या वाडीला एसटी रस्ता संपेपर्यंत चढली, पुढचं तोंड धरणाकडं केलं आणि मागचा भाग खुशाल एका अंगणात घातला. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या." काड्कन एक बांबू मोडला. मनुबाई पिशवी सावरत घाईनं खाली उतरली.

ड्रायव्हर-कंडक्टर वीस मिनिटांच्या विश्रांतीसाठी फणसाखाली टेकले. गोठ्याच्या तोंडाशी घोंगड्यावर एक म्हातारा बसला होता. उघडा, रापलेला, हाडं मोजून घ्यावीत असा. जिवंत होता. समोर बघत होता, पण कशाकडं बघत होता ते त्यालाही ठाऊक नसावं.

"गुरुजी?" मनुबाईनं हाक मारली.

"हितं कोन गुरुजी न्हाई," म्हातारा मान न वळवता म्हणाला.

आवाज तिनं कधी ऐकलेला नव्हता, तो ओळखणार कसा? ती जवळ गेली. "तुमच्याकडं पावट्याच्या आमटीत गूळ घालत्यात का वं?"

म्हाताऱ्यानं झटकन मान वळवली. "गूळ घालनाऱ्याच्या घरात मी पानी बी पीत न्हाई," तो म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "पापुद्रा?"

"अरं मुडद्या," मनुबाई म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आलं. "पाच दिस! आमी तुला मेला म्हनून बसलो हुतो."

म्हाताऱ्याचं नाव धुळा. तो दुसरीतूनच गुरांमागं गेलेला. लिहिता येत नव्हतं, वाचायला बसला तर एका ओळीला एक सकाळ जायची. मेढ्याच्या मोबाईलवाल्यानं त्याला शिकवलं होतं की फोनला बोललं की फोन लिहितो, आणि बटण दाबलं की लिहिलेलं वाचून दाखवतो. धुळा डोंगरी बोलीत बोलायचा आणि फोन ते धुऊनपुसून शुद्ध करून लिहायचा. असा अकरा वर्षांत त्याचा गुरुजी झाला होता. मनुबाई ऐकत राहिली. तिला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते भलतंच. दीडशे माणसांत सगळ्यात शहाणं बोलणारा तो, आणि नाव-गाव सांगून आला असता तर त्याचं एक अक्षर कुणी वाचलं नसतं. तिनंही नसतं. याची तिला लाज वाटली.

"मग पाच दिस काय झालं?"

"फोन पेटीत हाय. पोरानं कुलूप घातलं."

झालं होतं असं. अर्जुनाचे, म्हणजे धुळाच्या मुलाचे, व्याही जेवायला आले होते. पंगत बसलेली. धुळाला ऐकायला कमी येतं, म्हणून फोनचा आवाज कायम सगळ्यात मोठा. स्वतःचं जेवण आधी उरकून तो सवयीनं गोठ्याशी गेला आणि बटण दाबलं. फोनमधली बाई अंगणभर घुमली. 'बुजगावणं, जेवलास का? माझ्याशी भांडल्याशिवाय तुला घास गोड लागत नाही, ठाऊक आहे मला.' पंगत थांबली. लगेच पुढचं आलं, त्याच बाईच्या लाडिक आवाजात. 'भेट की एकदा. मिठीत घेतल्याशिवाय सोडायचं नाही तुला.'

"त्ये लंगोटानं लिवलं हुतं," धुळा कळवळून म्हणाला. "पर त्या फोनमदी बाई एकच हाय. तुमी, अण्णा, लंगोट, समदी तिच्याच आवाजात बोलतासा. मी लय सांगितलं. कोन ऐकतंय? व्याही हात धुवून उठलं. पोरगा म्हनला, चौऱ्याहत्तराव्या वर्सी बापानं बाई ठेवली. तवापासनं बसलोय हितं दावनीला."

तेवढ्यात अर्जुना आलाच. मागून त्याची बायको शालूबाई, आणि एसटीतून परकी बाई उतरून म्हाताऱ्यापाशी रडतेय ही खबर लागल्यामुळं निम्मी वाडी.

"तुमीच व्हय त्या? फोनातल्या?" अर्जुनाचा आवाज चढला. "आता दारापत्तूर आलासा? लाज हाय का न्हाई?"

मनुबाईनं स्वतःचा फोन काढला, रेंजची एक कांडी मिळेपर्यंत अंगणात फिरली, आणि हजेरीत लिहिलं, 'बुजगावणं सापडलं. जिवंत आहे. अंगणात सगळे ऐकतायत, बोला.' शिळोप्यावर पाच दिवस सगळे याच एका वाक्याची वाट बघत होते. उत्तरांची रांग लागली. धुळानं दाखवलेलं बटण तिनं दाबलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

फोनमधली बाई बोलायला लागली. 'मी वर्धमान. नियम मोडल्याबद्दल पापुद्राबाईंचे आभार.' मग तीच बाई म्हणाली, 'मी लंगोट. वजन एकशे दहा किलो. बुजगावण्या, तुझी वाट बघून बघून माझी जोर-बैठक बंद पडली.' मग तीच बाई म्हणाली, 'कृष्णेची पाणीपातळी आज पाच फूट. म्हाताऱ्याला विचारा, कावळे किती झाले.'

आधी कंडक्टर हसला, मग वाडी हसली. अर्जुनाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या खांद्यावरून खांब उतरवल्यासारखं झालं.

"म्हंजी बाई कोन न्हाईच! समदं मशीनच बोलतंय!" तो म्हणाला. "आवं, मग आदी सांगायचं की. शालू, च्या ठेव. थांबा, व्याह्याला आत्ताच सांगतो." त्यानं कडदोऱ्याची किल्ली काढून हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं फोन लावून स्पीकरवर टाकला, म्हणजे वाडीच्या साक्षीनं मिटावं. "व्याही, गैरसमज झाला बगा. बाई-बिई कोन न्हाई. मशीन हाय त्ये. त्यात समदं गडीच गडी."

शालूबाईनं मनुबाईकडं बघून समजुतीनं मान हलवली. धुळाची नजर किल्लीवर होती. फोन मिळणार होता, आणखी काय हवं? मनुबाईनं फक्त गप्प राहायचं होतं. चहा प्यायचा, अण्णांचा निरोप सांगायचा आणि पावणेपाचला एसटीत बसायचं. घरी जाऊन ऋषिराजलाही तेच सांगता आलं असतं, सगळे गडीच होते, मशीन होतं. सगळ्यांची अब्रू राहिली असती. फक्त ती स्वतः तिथं नाही, कधी नव्हती, एवढं कबूल करायचं होतं. अकरा वर्षं जिथं ती माणूस होती, तिथून तिला चहाच्या कपावर पुसून टाकत होते.

"थांबा," ती म्हणाली. "बाई हाय की."

अर्जुनाचा फोन हातातच राहिला.

"जेवलास का म्हनून इचारनारी मशीन नव्हती. मी हुते. त्ये मी लिवलंय, आन मी बाई हाय. त्यो बाप्या हाय. अकरा वर्सं आमी रोज बोलतोय, भांडतोय, हसतोय. उद्या बी बोलनार. ज्याला नाक हाय त्यानं संभाळावं."

फोनमधून व्याह्याचा आवाज आला. "कोन बोलतंय? तुमी कोन लागता धुळाबाच्या?"

"कोन बी लागत न्हाई," मनुबाई फोनकडं तोंड करून म्हणाली. "लागनारी समदी हितंच हुती पाच दिस. त्यांनी कुलूप घातलं. न लागनारी मी, एस्ट्या बदलत, दारोदार इचारत आले. आता तुमीच सांगा, कोन कुनाचं लागतंय ते."

पलीकडून फोन बंद झाला. अंगणात कुणी हसलं नाही. अर्जुना दोन पावलं पुढं आला, "घालवली! मिटलेलं मोडलं ह्या बाईनं," असं काहीतरी म्हणाला, आणि किल्लीची मूठ आवळून मागं वळला.

"अर्जुना," धुळा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. उभा राहिल्यावर तो पोरापेक्षा वीतभर उंच निघाला. "किल्ली."

"आबा, तुमी मधी पडू नगा."

"पेटी मी म्हस इकून आनलीया. फोन माजा हाय. आन ह्ये तोंड बी माजंच हाय, अजून. किल्ली दे."

अर्जुनानं वाडीकडं पाहिलं. वाडी त्याच्याकडं पाहत होती. शालूबाईच पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या मुठीतून किल्ली काढली, सासऱ्याच्या हातावर ठेवली आणि चहा उतू गेला म्हणत आत पळाली.

धुळा घरात जाऊन फोन घेऊन आला आणि त्यानं घोंगडं गोठ्याच्या तोंडातून उचलून अंगणाच्या मधोमध अंथरलं. एसटीचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "मावशी, येताय न्हवं? ह्यानंतर सांजची शेवटची."

मनुबाईनं चपला काढल्या आणि ती सगळ्या वाडीच्या देखत घोंगड्याच्या दुसऱ्या टोकाला मांडी घालून बसली.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी सांजच्यानं यीन. आमचं पाच दिसांचं भांडान ऱ्हायलंय."